ठिपका म्हणजे बिंदू नव्हे

मा. संपादक,
स. न.

परवाच्या अंकातला भूमितीवरचा लेख काल वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. बिंदू, रेषा, प्रतल या कल्पना पडद्यावर दाखवल्याशिवाय खेड्यातल्या मुलांच्या पचनी पडत नाहीत, असं लेखकांनी ठासून लिहिलं आहे. त्यांचा अभ्यास मोठा असेल. पण जूनमध्ये एकदा त्यांनी आमच्या वावरात यावं आणि सरकी डोबताना, म्हणजे कपाशीचं बी मातीत टोचताना पाहावं.

आमची पराटी, म्हणजे कपाशी, चौफुलीवर असते, तीन बाय तीन फुटांवर. आधी उभ्या काकऱ्या, म्हणजे मातीत पाडलेल्या सरळ रेघा, मग आडव्या. पहिली काकर पाडताना माझे सासरे बैलांच्या पायांकडे बघत नाहीत, पलीकडच्या धुऱ्यावरच्या पळसावर नजर धरून चालतात. आपण उभे ती एक जागा, पळस ही दुसरी, आणि या दोहोंतून सरळ रेषा एकच जाते. नजर ढळली की काकर वाकडी. मग उभा-आडवा डवरा (तण काढायचं बैलांचं अवजार) चालवताना हंगामभर झाडं मोडतात. माझी मुलगी हे चालायला लागली तेव्हापासून बघते आहे. दोन काकऱ्या एकमेकींना कापतात त्या फुलीवर आम्ही बाया सरकी टाकतो. एका एकरात अशा 4840 फुल्या होतात. मागच्या हंगामात तिनं मला विचारलं, "आई, फुली तर चार बोटं रुंद आहे, सरकी नेमकी कुठं टाकू?" मी म्हटलं, मधोमध. तर म्हणाली, "मधोमध म्हणजे केवढ्या जागेत?"

हा प्रश्न ज्या पोरीला पडला, तिला बिंदू समजला नाही असं कोण म्हणेल?

सहावीच्या सहामाहीत 'बिंदू म्हणजे काय?' असा प्रश्न आला. तिनं लिहिलं, "दोन रेषा छेदतात ती जागा म्हणजे बिंदू. त्याला लांबी-रुंदी नसते. आपण काढतो तो ठिपका फक्त जागा दाखवतो." त्यावर लाल फुली आणि शून्य. गाईडमध्ये छापलंय, 'पेन्सिलीच्या टोकाने काढलेला बारीक ठिपका म्हणजे बिंदू', आणि शाळेला तेच हवं होतं. मी शाळेत गेले. "ताई, तुमचं बरोबर असेल, पण आम्ही नमुना उत्तराप्रमाणेच तपासतो," असं सांगून मला परत पाठवलं. गेलेल्या गुणाचं मला काही वाटत नाही. पण घरी येऊन तिनं वहीतलं स्वतःचं वाक्य खोडलं आणि त्याखाली गाईडमधलं उतरवलं. ते खोडलेलं पान बघून मला रडू आलं.

मी बी.एस्सी.ला गणित घेतलं होतं, आज पाच एकर कोरडवाहू करते. म्हणून सांगते. इसवीसनापूर्वी 300 च्या सुमारास युक्लिडनं लिहिलं, ज्याला भाग नाही तो बिंदू. पुढे 1899 मध्ये हिल्बर्टनं भूमितीची नव्यानं मांडणी केली, तेव्हा बिंदू, रेषा आणि प्रतल यांची व्याख्या करायचंच सोडून दिलं. त्यांचे एकमेकांशी संबंध काय, तेवढंच सांगितलं. एवढ्या मोठ्या गणितज्ञानं जे बिनव्याख्येचं ठेवलं, ते आमच्या लेकरांकडून एका ओळीत पाठ करून घ्यायचं आणि चुकलं तर गुण कापायचे?

प्रतलाचंही तेच. आपल्या लेखात टेबलाचा पृष्ठभाग दाखवला आहे. मग मुलाला वाटणारच की टेबल संपलं तिथं प्रतल संपलं, पण प्रतल तर चहूकडे न संपता सपाट पसरलेलं असतं. त्यापेक्षा घरातली बाज अंगणात टाका. तीन पाय टेकतात, चौथा अधांतरी राहतो, त्याखाली खापराचा तुकडा सारावा लागतो. सासूबाईंची तीन पायांची तिवई मात्र कुठंही ठेवा, डुगडुगत नाही. कारण एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, चौथा बिंदू त्यात असेलच असं नाही. मुलीला हे मी एका संध्याकाळी दाखवलं, ती पुन्हा विसरली नाही. त्याला ना वीज लागली, ना पडदा.

आणखी एक. लेखासोबत 'रेषा' म्हणून जी आकृती छापली आहे, तिच्या दोन्ही टोकांना बाण नाहीत, बिंदूवर ती थांबते. रेषा दोन्हीकडे न संपता जाते, हा तर तिचा तुकडा, म्हणजे रेषाखंड झाला. ही चूक माझ्या त्याच शून्य मिळालेल्या मुलीनं पेपर उघडल्या उघडल्या दाखवली. शाळेतली मुलं अशी कात्रणं वहीत चिकटवतात, तेव्हा ती दुरुस्त करून पुन्हा छापावी. आणि ती मुलांच्या पुरवणीत छापणार असाल तर पुरवणी आमच्या गावापर्यंत पाठवा. पूर्ण पैसे मोजूनही दिवाळीपासून आमच्याकडे ती एकदाही आलेली नाही.

– एक शेतकरी आई,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ