आई गेली आणि घरावर वसुलीची नोटीस आली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत परदेशी मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांविषयी अधूनमधून लेख येतात. थंडी, एकटेपणा, नातवंडांची भाषा, सगळं त्यात असतं. म्हाताऱ्या माणसाच्या काळजीवर सरकारने केलेला खर्च त्याच्या मृत्यूनंतर घरातून वसूल होतो, यावर मात्र मी कधी काही वाचलेलं नाही, आणि आमचं घर त्यामुळेच गेलं. म्हणून हे पत्र.

बाबा १९७३ साली अमेरिकेत आले. १९८१ मध्ये त्यांनी ईशान्येकडच्या एका राज्यात तीन खोल्यांचं घर घेतलं आणि एकट्याच्या पगारातून त्याचे हप्ते फेडले. टॉवेल-चादरी ठेवायच्या कपाटाचं दार काढून आईने तिथे देवघर केलं होतं. बाबा २०१४ मध्ये गेले. त्यानंतर आईचा विसराळूपणा वाढत गेला. गॅस चालू ठेवून ती अंगणात जायला लागली, तेव्हा २०१८ च्या सुरुवातीला मी नोकरी सोडून तिच्याकडे राहायला आले. तीन वर्षं तिची आंघोळ, जेवण, औषधं, रात्रीचं उठणं सगळं मीच केलं. दोन्ही भाऊ लांबच्या राज्यांत होते. त्यांनी पैशाला कमी केलं नाही, पण हाताशी मीच होते.

मार्च २०२१ मध्ये आई पडली, खुबा मोडला. रुग्णालयातून तिला नर्सिंग होममध्ये हलवलं. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं खासगी रुग्णालय. इथे त्याचा अर्थ परावलंबी माणसांना कायमचं सांभाळणारी संस्था असा होतो, आणि तिथला खर्च वर्षाला एक लाख डॉलरच्या पुढे जातो. आम्ही निर्धास्त होतो, कारण आईला मेडिकेअर होतं. इथल्या बहुतेक मराठी घरांत हाच समज आहे. मेडिकेअर हा पासष्टीनंतरचा आरोग्य विमा आहे. रुग्णालयातल्या मुक्कामानंतर तो अशा ठिकाणचे पहिले २० दिवस पूर्ण भरतो, पुढे १०० व्या दिवसापर्यंत रोजचा मोठा वाटा आपण द्यायचा, आणि मग काहीच नाही. तेही कुशल उपचार चालू असतील तरच. नुसतं भरवायला, उठवायला, बसवायला माणूस लागतो, याला तो विमा पैसे देत नाही.

आईची शिल्लक आठ महिन्यांत संपली. मग मेडिकेडचा अर्ज केला. मेडिकेड म्हणजे गरिबांसाठी केंद्र आणि राज्य मिळून चालवतात ती योजना, १९६५ पासूनची. कॅलिफोर्नियात तिला मेडी-कॅल म्हणतात, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ. नाव वेगळं असलं तरी मूळ केंद्रीय कायदा एकच. अर्जात पाच वर्षांचे बँकेचे कागद लागतात आणि जगात कुठेही असलेली मालमत्ता सांगावी लागते. सातारा जिल्ह्यातल्या अकरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे सात वारसांबरोबर आईचंही नाव लागलेलं होतं. अधिकारीण बाईंना त्या हिश्श्याची किंमत हवी होती. मामेभावाने उतारा पाठवला, आम्ही त्याचं भाषांतर करून दिलं, आणि सामाईक जमिनीतला एक हिस्सा सहज विकता येत नाही हे पटवण्यात दोन महिने गेले. पुण्यात फ्लॅट ठेवून ग्रीन कार्डावर येणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

राहतं घर त्या मोजणीत धरलं नाही. घराच्या किमतीवर मर्यादा असते, पण आमचं त्यात बसलं. मला वाटलं, घर वाचलं.

आई २०२३ च्या शरदात गेली. तेराव्यानंतर आठवडाभराने राज्याचा लिफाफा आला. आईच्या नावापुढे ‘यांची मालमत्ता’ असे शब्द आणि खाली आकडा होता, दोन लाख सहा हजार आणि काही डॉलर. तिच्यावर झालेला खर्च आता तिच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होणार होता, आणि मागे राहिलं होतं ते एकच घर. पत्र वाचताना मी देवघरासमोरच बसले होते.

ही वसुली कुणा अधिकाऱ्याच्या मनातली नाही, तो १९९३ चा केंद्रीय कायदा आहे. पंचावन्न वर्षांच्या पुढच्या माणसावर नर्सिंग होमसाठी, घरी दिलेल्या दीर्घ काळजीसाठी आणि त्याला जोडून रुग्णालय व औषधांसाठी मेडिकेडने केलेला खर्च राज्याने त्याच्या मृत्यूनंतर वसूल केलाच पाहिजे, असं तो सांगतो. काही राज्यं पंचावन्ननंतरचा बाकी सगळा उपचारही त्यात धरतात. पती किंवा पत्नी हयात असेल तोवर वसुली करता येत नाही. एकवीस वर्षांखालचं, अंध किंवा अपंग मूल असेल तरीही नाही. मुलांना स्वतःच्या खिशातून काही भरावं लागत नाही, पण राहिलेल्या मालमत्तेवर हक्क आधी सरकारचा. सातबाऱ्यावर बोजा चढतो, तसाच हा.

माझं खरं दुःख पुढे आहे. त्याच कायद्यात आमच्यासाठी एक दार होतं. आई किंवा वडील नर्सिंग होममध्ये जाण्याच्या लगेच आधी किमान दोन वर्षं जो मुलगा किंवा मुलगी त्यांच्याच घरात राहिली, आणि जिच्या सेवेमुळे ते तेवढा काळ घरी राहू शकले, तिच्या नावावर घर करता येतं. एरवी घर असं दिलं तर मेडिकेडची मदत काही महिने बंद ठेवतात, तो दंड इथे नाही. पुरावा म्हणून डॉक्टरांचं पत्र आणि पत्त्याचे कागद लागतात. मी दोन नव्हे, तीन वर्षं राहिले होते. पण घर आई हयात असतानाच माझ्या नावावर व्हायला हवं होतं, आणि आईला तेव्हा सही करण्याची समज उरली नव्हती. तिने मला मुखत्यारपत्र दिलेलं होतं. ते आम्ही इंटरनेटवरून उतरवून घेतलं होतं आणि त्यात घर बक्षीस देण्याचा अधिकार कुठेही लिहिलेला नव्हता. न्यायालयातून पालकत्व घेऊन तो अधिकार मिळवता आला असता, असं एका वकिलांनी मला सांगितलं, ते आई गेल्यानंतर. अर्ज भरून घेताना सात-आठ वेळा कार्यालयात गेले, माझा पत्ता तोच आहे हे तिथल्या कागदांवर दिसत होतं. कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

कठीण परिस्थितीत सवलत मागण्याची तरतूद प्रत्येक राज्यात असते. मी तीस दिवसांत अर्ज केला. तोवर मला पुन्हा नोकरी लागली होती, म्हणून तो नामंजूर झाला. घर विकून राज्याचे पैसे फेडले. उरलेल्यात तीन वाटे झाले. भाऊ म्हणाले, तूच ठेव. मी तिघांत वाटले.

दुसरी बाजू मी समजून घेतली आहे. लोकांच्या कराच्या पैशातून आईची काळजी झाली, मग मुलांना घर का मिळावं, असं इथे विचारतात, आणि तो प्रश्न खोटा नाही. पण वसुली होते कुणाकडून? ज्यांच्याकडे भरपूर आहे ते पाच वर्षं आधीच वकील गाठून घर पक्क्या, मागे न घेता येणाऱ्या ट्रस्टमध्ये टाकतात. सापडतात ते एकच घर असलेले लोक. संसदेला मेडिकेडविषयी सल्ला देणाऱ्या आयोगानेच मार्च २०२१ मध्ये ही सक्ती काढून राज्यांना मुभा द्या, अशी शिफारस केली. २०१९ मध्ये सगळ्या राज्यांची मिळून वसुली सुमारे ७३ कोटी डॉलर होती, आणि मेडिकेडचा वर्षाचा खर्च सहाशे अब्जांच्या वर. एवढ्याशा रकमेसाठी किती घरं विकली जातात, याचा विचार व्हायला हवा. सक्ती रद्द करण्याचं विधेयक इलिनॉयच्या खासदार जॅन शाकोव्स्की यांनी २०२२ मध्ये मांडलं, पुढे पुन्हा मांडलं. अजून कायदा तोच आहे. राज्यांच्या हातात मात्र बरंच आहे. कॅलिफोर्नियाने २०१७ पासून आपली वसुली फक्त मृत्युपत्राच्या न्यायालयीन प्रक्रियेतून जाणाऱ्या मालमत्तेपुरती ठेवली. इतर काही राज्यं संयुक्त नावावरचं किंवा हयातीपुरता हक्क ठेवून दुसऱ्याला दिलेलं घरही सोडत नाहीत.

घाबरून कुणी भलतं करू नये, म्हणून हेही लिहिते. आमच्या ओळखीच्या एका काकांनी व्हॉट्सॲपवरचं वाचून घर मुलाच्या नावे बक्षीस केलं. तीन वर्षांनी त्यांना पक्षाघात झाला. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत फुकट दिलेलं सगळं तपासतात. दिलेल्या मालमत्तेची किंमत भागिले नर्सिंग होमचा सरासरी मासिक खर्च, तितके महिने मदत बंद. तीन लाखांचं घर आणि महिन्याला दहा हजार खर्च धरला, तर तीस महिने. तेही घर दिल्या दिवसापासून मोजत नाहीत. हातचे पैसे संपून माणूस मदतीला पात्र ठरतो, तिथून मोजतात. काकांचा खर्च सध्या मुलगा कर्ज काढून करतो आहे.

आपल्या लोकांत या विषयावर बोलायची लाज वाटते. आईला ‘ठेवलं’ हे सांगायचं नसतं, सरकारी मदत घेतली हे तर त्याहून नाही. मीही दोन वर्षं गप्प होते. मंडळात संक्रांतीला हळदीकुंकवाला भेटलेल्या चार बायकांपैकी दोघींच्या घरी हीच वेळ येऊन गेली होती, हे मला घर विकल्यावर कळलं.

इथल्या महाराष्ट्र मंडळांना आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाला माझी विनंती आहे की, अधिवेशनात नाटक-गाण्यांबरोबर एक तास या विषयाच्या वकिलाला द्यावा, आणि तो ज्या त्या राज्यातला असावा, कारण नियम राज्यागणिक बदलतात. तुम्हालाही विनंती आहे. तुमच्या वाचकांपैकी अनेकांची मुलं इथे आहेत, त्यांतल्या काहींनी आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला असेल. नव्याने ग्रीन कार्ड मिळालेल्यांना सहसा पहिली पाच वर्षं मेडिकेड मिळत नाही, तेवढा काळ विचार करायला हाताशी असतो. आईवडिलांना नीट सही करता येते आहे तोवरच मुखत्यारपत्र करून घ्या, बक्षीस देण्याचा अधिकार त्यात स्पष्ट लिहून घ्या, आणि जी मुलगी किंवा मुलगा त्यांच्याजवळ राहतो त्याच्या राहण्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

भावांना नाव नको आहे, म्हणून कृपया पत्राखाली माझं नाव छापू नये.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, अमेरिका