सूचना : ऑफिसातला जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करू नये

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्या परळच्या सोसायटी ऑफिसातला विंडोज ७ चा कॉम्प्युटर रडतखडत चालतोय, तरी तो भंगारात द्यायची घाई कृपया कोणी करू नये. आय रजिस्टर (सभासदांची नोंदवही) आणि जुनी इतिवृत्तं त्यातच आहेत. या फायलींची नावं हिरव्या अक्षरांत दिसतात, म्हणजे त्या विंडोजच्या ईएफएस या सोयीने एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेल्या आहेत. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी त्या उघडणार नाहीत, कारण त्या उघडणारी डिजिटल किल्ली त्या वेळच्या युजर अकाउंटशी बांधलेली असते. फॉरमॅट केलं की ती किल्लीही गेली.

पासवर्ड आठवत नाही म्हणून अ‍ॅडमिनमधून रीसेट करणं तर फारच घातक. लॉगिन होईल, फायली मात्र बंदच राहतील.

माजी सचिव आणि खजिनदारांना कळकळीची विनंती : जुन्या डायऱ्यांत पासवर्ड शोधा. जुन्या पेनड्राइव्ह, सीडींमध्ये नावाच्या शेवटी ‘पीएफएक्स’ (.pfx) असलेली फाइल, म्हणजे त्या किल्लीची जपून ठेवलेली प्रत, आहे का, तेही पाहा. तिला स्वतःचा वेगळा पासवर्ड असतो, तोही लागेल. सापडलेलं काहीही ग्रुपवर टाकू नका, ऑफिसात आणून द्या. आधी डिस्कची पूर्ण प्रत काढू, मगच मशीनला हात लावू.

– व्यवस्थापक समिती