इंग्रजी नामाला लिंग चिकटवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी नात सातवीत आहे. गेल्या महिन्यात तिचा इंग्रजीचा चाचणी पेपर तपासून घरी आला. दोन ठिकाणी लाल फुली होती. 'द शिप लॉस्ट ___ अँकर' इथे तिने 'इट्स' लिहिले होते, उत्तरसूचीत 'हर' होते. 'एव्हरीवन मस्ट ब्रिंग ___ टिफिन' इथे तिने 'देअर' लिहिले, हवे होते 'हिज'. दोन गुण गेले, त्याचे विशेष नाही. पण त्याच पेपरात "'चेअर' या नामाचे लिंग ओळखा" असा प्रश्न होता. 'न्यूटर', म्हणजे नपुंसकलिंग, हे तिचे उत्तर बरोबर धरले गेले. माझी तक्रार खरे तर त्या बरोबर उत्तराबद्दल आहे.

आधी कबुली देतो. मी स्वतः 31 वर्षे मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवले आणि दरवर्षी फळ्यावर चार रकाने आखले: मॅस्क्युलिन, फेमिनिन, कॉमन, न्यूटर. खाली 'फॉक्स-व्हिक्सन', 'कोल्ट-फिली' अशा जोड्या. 'व्हिक्सन' हा शब्द त्या परीक्षेनंतर माझ्या एकाही विद्यार्थ्याला उभ्या आयुष्यात लागला नसेल. मलाही लागला नाही.

आपल्याकडे लिंग म्हणजे काय? मोठा फणस पडला, मोठी चिंच पडली, मोठे केळे पडले. नाम बदलले की विशेषण आणि क्रियापद दोन्ही वळतात. इंग्रजीत तिन्हींना 'बिग' आणि तिन्हींना 'फेल'. आपण अनेकवचनातही ते फणस, त्या चिंचा, ती केळी असा भेद पाळतो. तिकडे सगळ्यांना एकच 'दे'. उरले 'ही', 'शी' आणि 'इट'. तेही नामाकडे बघून ठरत नाहीत, समोर पुरुष आहे, बाई आहे की वस्तू, एवढेच बघतात. मग 'चेअर'चे लिंग ओळखायचे म्हणजे नेमके काय करायचे?

हा नुसता काथ्याकूट नाही. माझी मुले 'द चेअर इज ब्रोकन. शी इज नियर द विंडो' असे लिहीत, कारण खुर्ची ती. टेबलाला मात्र बिनचूक 'इट' येई. टेबल ते, म्हणून! मी पहिल्या वाक्यावर फुली मारायचो, दुसऱ्याला शाबासकी द्यायचो. दोन्हीमागे एकच चूक आहे हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

एकाने चित्रवर्णनात 'अ गर्ल इज स्टँडिंग नियर द वेल. इट हॅज अ पॉट' असे लिहिले होते. मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवले, सगळे हसले. तो बिचारा मान खाली घालून बसला. मालवणीत 'चेडू' म्हणजे मुलगी, आणि तो शब्द नपुंसकलिंगी, 'ता चेडू', हे मला त्या क्षणी सुचले नाही. मी स्वतः तीच बोली बोलत असूनही. निवृत्तीनंतर जुन्या इंग्रजीबद्दल वाचले तेव्हा त्या मुलाची फार आठवण झाली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारखीच तीन लिंगे होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी. आजचे 'वाइफ' तेव्हा 'वीफ' होते, अर्थ बाई, आणि लिंग नपुंसक! 'थॅट वीफ' म्हणत. हे 'थॅट' म्हणजे त्या काळचे नपुंसकलिंगी दर्शक सर्वनाम, आपल्या संस्कृत 'तत्'चे सख्खे भावंड. मुलगी या अर्थाचा 'मेडन'चा पूर्वजही नपुंसकलिंगीच. आणि 'वुमन'? तो 'वीफमन', शेवटी 'मन' (आजचे 'मॅन') असल्यामुळे पुल्लिंगी. पुढे शब्दांच्या टोकाचे प्रत्यय झिजले. हे आधी उत्तरेकडे, जिथे नॉर्स (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) बोलणाऱ्यांची वस्ती होती तिथे झाले, आणि चौदावे शतक संपेपर्यंत नामांची लिंगे जवळजवळ पुसली गेली. आम्ही मात्र ती फळ्यावर पुन्हा लिहीत बसलो.

आता त्या दोन फुल्यांविषयी. जहाजाला 'शी' म्हणणे ही दर्यावर्दी लोकांच्या जिव्हाळ्याची रीत आहे, व्याकरणाचा नियम नाही. लंडनच्या 'लॉइड्स लिस्ट' या जहाजवाहतुकीच्या जुन्या वृत्तपत्रानेही 2002 साली जहाजांना 'इट' म्हणायचे ठरवले. आमच्या किनाऱ्यावर होडी ती, मचवा तो, गलबत ते. ते शब्दांचे लिंग आहे, त्यात जिव्हाळ्याचा प्रश्न नाही. 'एव्हरीवन'सारख्या एकवचनी शब्दांबरोबर 'देअर' तर चौदाव्या शतकापासून चालत आले आहे. 'हिज'ही चूक नव्हे. भारतीय न्याय संहितेतसुद्धा 'ही' हे सर्वनाम पुरुष, स्त्री वा तृतीयपंथी कोणाही व्यक्तीसाठी आहे, असे कलम 2 मध्ये नमूद आहे. पण कायद्याला तसे लिहून ठेवावे लागते यातच काय ते आले.

मी नातीच्या बाईंना भेटायला गेलो. त्या माझ्याच विद्यार्थिनी निघाल्या. "सर, तुम्हीच शिकवलंत ना," म्हणाल्या. मी चहा घेऊन परत आलो.

पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की तो चार रकान्यांचा तक्ता काढून टाका आणि 'इट्स', 'देअर' या उत्तरांना गुण द्या. लिंग शिकवायचेच असेल तर मराठीच्या तासाला भरपूर काम आहे. आमच्या घरात फ्रिज तो, वॉशिंग मशीन ते, बॅटरी ती, यावर कोणाचा वाद नाही. ई-मेल आला, आली की आले, यावर मात्र नातीचे आणि तिच्या आजीचे चार दिवस झाले तरी जमलेले नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)