वैद्यकीय निष्काळजीपणाची तक्रार आणि केस पेपर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांनी रुग्णालयात तोडफोड केल्याच्या किंवा थेट पोलीस ठाणे गाठल्याच्या बातम्या वरचेवर वाचायला मिळतात. परंतु ग्राहक आयोगात दाद मागितल्यास पुढे काय घडते, याची माहिती फारशी छापून येत नाही. आयोगांसमोर वकिली करताना अशा तक्रारी कुठे अडखळतात हे दिसते, म्हणून हे पत्र.

सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात १९९५ मध्येच स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते आणि ती स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यातही करता येते. जिल्हा, राज्य की राष्ट्रीय, यांपैकी कोणत्या आयोगाकडे जायचे, हे मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर उपचारांसाठी मोजलेल्या रकमेवरून ठरते.

खरी अडचण कागदांची असते. बहुतेक तक्रारदार केवळ डिस्चार्ज कार्ड आणि बिले घेऊन येतात, आणि त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. संपूर्ण केस पेपर, परिचारिकांच्या नोंदी, भूलतज्ज्ञांची नोंद, संमतीपत्र आणि तपासण्यांचे अहवाल लेखी अर्ज करून मागावेत. मागणी केल्यापासून ७२ तासांत ते देणे डॉक्टरांवर २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेने बंधनकारक आहे. या नोंदी तीनच वर्षे जतन करण्याचे बंधन असल्यामुळे दुःख ओसरण्याची वाट पाहणे महागात पडू शकते.

तक्रार दाखल करून घेतल्यावर डॉक्टर व रुग्णालयाला लेखी म्हणणे मांडण्यासाठी ३० दिवस, आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यानंतर दोन्ही बाजूंची शपथपत्रे येतात. उपचारांत चूक झाली एवढे दाखवणे पुरेसे नसते; ती चूक झाली नसती तर रुग्ण वाचला असता किंवा अपंगत्व टळले असते, हेही दाखवावे लागते, आणि माझ्या मते निम्म्या लढाया इथेच हरल्या जातात. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञांचे मत अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले आहे. उदाहरणार्थ, पोटात कापसाचा बोळा राहिला असेल तर वस्तुस्थितीच बोलते. पण गुंतागुंतीच्या उपचारांत स्वतंत्र तज्ज्ञाच्या मताशिवाय तक्रार टिकणे कठीण.

पोलिसांकडे जाण्याविषयी एवढेच सांगतो, की सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असावा लागतो. साध्या चुकीवर तो खटला उभा राहत नाही आणि भरपाई मिळवण्याचा तो मार्गही नव्हे.

कायद्याने तक्रार शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावी असे म्हटले असले, तरी आयोग ज्या डॉक्टरांच्या तज्ज्ञ समितीकडून मत मागवतो, तिच्या अहवालाची वाट पाहण्यातच त्याहून अधिक काळ जातो, आणि शेवटी येणारा अहवाल कधी कधी ‘निष्काळजीपणा आढळला नाही’ या एकाच वाक्याचा असतो. समितीला ठरावीक मुदत घालून द्यावी आणि निष्कर्षाची कारणे नोंदवणे तिच्यावर बंधनकारक करावे, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वकील वाचक