१० डिसेंबरच्या वाचनाची आठवण

सभासदांनो, १० डिसेंबरला मानवी हक्क दिन आहे. १९४८ साली याच तारखेला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला: ४८ मते बाजूने, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ. त्याची ३० कलमे आपण आळीपाळीने मोठ्याने वाचणार आहोत. आपापली प्रत आणा. मागच्या वेळी एका प्रतीवर चौघे वाकले होते!

पहिल्या कलमाशी जरा थांबू. मसुद्यातल्या इंग्रजी शब्दांचा अर्थ ‘सर्व पुरुष’ असाही निघत होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी आग्रह धरला, म्हणून तिथे ‘सर्व माणसे’ आली. २३ व्या कलमातले समान कामाला समान वेतनही चर्चेला घेऊ.

भाषणे नकोत, हारतुरे तर नकोतच. कोणते कलम वाचणार ते शुक्रवारपर्यंत कळवा.