ठिबकचे अनुदान कोणत्या तारखेला मिळेल? कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : सूक्ष्म सिंचन अनुदान अदा करण्यास मुदत ठरवून देण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका अवर्षणप्रवण तालुक्यात माझी पावणेदोन एकर डाळिंबाची बाग आहे. मावळ-मुळशीकडे भातखाचरे तुडुंब भरलेली असतात, तेव्हा आमच्याकडे विहिरीत मोटार किती तास चालेल याचा हिशेब सुरू असतो. त्यामुळे ठिबक करावे की नाही, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. ठिबकचे पैसे कोणाच्या खिशातून आणि किती दिवसांसाठी जातात, हा प्रश्न मात्र पडतो, आणि त्यासाठीच हे पत्र.

प्रति थेंब अधिक पीक योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना मापदंडाच्या, म्हणजे शासनाने संचासाठी ठरवून दिलेल्या खर्चाच्या, 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य त्यात भर घालते आणि ते अनुक्रमे 80 व 75 टक्क्यांपर्यंत जाते. योजना चांगली आहे, हे मी मनापासून लिहितो. अडचण एवढीच की हे अनुदान आधी मिळत नाही; संच बसवल्यानंतर मिळते.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती, नोंदणीकृत विक्रेत्याकडून खरेदी, देयक अपलोड करणे, मग मोका तपासणी (शेतावर येऊन संच पाहणे), असा हा क्रम आहे. यात शेतकऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या टप्प्याला मुदत आहे. पूर्वसंमतीनंतर ठरलेल्या दिवसांत संच बसवून देयक जोडले नाही, तर संमतीच रद्द होऊ शकते. ती शिस्त आम्हाला मान्य आहे. पण मोका तपासणी होऊन गेली की पुढे पैसे कोणत्या तारखेपर्यंत यावेत, हे आम्हाला कोणीही सांगत नाही. माझी तपासणी झाली, लॅटरल (ठिबकच्या नळ्या) मोजून झाल्या, शेतात उभा करून माझा फोटोही काढला, आणि त्यानंतर संबंधित कार्यालयात मला दर खेपेस एकच उत्तर मिळाले : 'वरून निधी आला की पडतील.'

मापदंडाप्रमाणे खर्च 1 लाख रुपये धरला, तर अल्पभूधारकाचे 80 हजार रुपये शासनाकडे राहतात. ही रक्कम विक्रेत्याची उधारी असते किंवा गावातून शेकडा दीड टक्का महिन्याने उचललेली असते. म्हणजे महिन्याला 1,200 रुपये व्याज आणि सहा महिन्यांत 7,200. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबक संचावरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, त्याचे आम्ही स्वागतच केले. परंतु 1 लाखाच्या संचावर त्यातून वाचलेले 7 हजार रुपये अनुदान सहा महिने रखडले तर व्याजातच जातात. (व्याजाचा हा आकडा कोणत्याही मापदंडात बसत नाही, म्हणून तो कोणत्याही फाइलमध्येही दिसत नाही.)

केंद्र आणि राज्य यांचा वाटा 60:40 असल्याने निधी टप्प्याटप्प्याने येतो, हे मी समजू शकतो. मग पूर्वसंमती तरी हाती असलेल्या निधीच्या प्रमाणातच द्यावी. निधी नसताना संमती दिली, की शासनाच्या तिजोरीतली तूट शेतकऱ्याच्या खतावणीत येऊन बसते.

माझी विनंती नेमकी आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 च्या धर्तीवर मोका तपासणीपासून अनुदान खात्यात जमा होईपर्यंतच्या टप्प्याला दिवसांची मुदत ठरवून ती पूर्वसंमतीच्या पत्रातच छापावी. पीएम किसानच्या लाभार्थ्यांची गावनिहाय यादी पोर्टलवर कोणालाही पाहता येते. त्याच धर्तीवर तपासणी पूर्ण होऊनही अनुदान प्रलंबित असलेल्यांची यादी, तपासणीच्या तारखेनुसार क्रम लावून, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. आपला क्रमांक कितवा आहे हे कळले, तर विक्रेत्याला आणि सावकाराला काय सांगायचे, तेवढे तरी आम्हाला ठरवता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक डाळिंब उत्पादक
जि. पुणे