चिन्ह कधी उलटतं आणि का, हे शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही शिकवलेलं बीजगणिताला घाबरणाऱ्या आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडावं, असं मनापासून वाटतं.

३क्ष + ५ = २० हे समीकरण आम्हा सगळ्यांना सोडवता यायचं. पाच पलीकडे न्यायचे, उणे करायचे, तीनने भागायचं, क्ष = ५. उत्तर बरोबर आलं तरी तुम्ही विचारायचात, "पाच पलीकडे गेले कसे?" तेव्हा कळलं की कुणी कुठे जात नाही. दोन्ही बाजूंतून पाच वजा केले की डावीकडचे संपतात आणि उजवीकडे १५ उरतात. पक्षांतर म्हणजे हीच कृती थोडक्यात लिहिणं. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ मध्ये बरोबरचं चिन्ह दोन समांतर रेघांनी लिहिलं, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. हेही तुमच्याकडूनच ऐकलं.

पण सर्वांत मोठे आभार असमानतांसाठी, म्हणजे बरोबरच्या जागी < (लहान) किंवा > (मोठं) हे चिन्ह असलेल्या विधानांसाठी. तिथे "चिन्ह बदलतं" हे एकच वाक्य दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं आणि मुलं तिथेच अडखळतात. तुम्ही दोन्ही सुटे करून दाखवलेत. क्ष + ५ < ३ मध्ये पाच पलीकडे जाऊन उणे झाले तरी < तसंच राहतं: क्ष < –२. २क्ष < –६ मध्ये उजवीकडे ऋण संख्या आहे, पण भागायचं धन दोनने, म्हणून इथेही काही उलटत नाही: क्ष < –३. उलटतं ते फक्त दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणताना किंवा भागताना.

का, हे तुम्ही संख्यारेषेवर दाखवलंत. २ < ५. दोन्हींना –१ ने गुणलं की दोघे शून्याच्या पलीकडे जातात आणि जो शून्यापासून जास्त लांब होता तोच आता लहान ठरतो: –२ > –५. तरीही कुणाच्या चेहऱ्यावर शंका दिसलीच, तर –२क्ष < ६ तुम्ही ऋण संख्येने न भागताच सोडवायचात. दोन्ही बाजूंत २क्ष मिळवा: ० < ६ + २क्ष. सहा वजा करा: –६ < २क्ष. म्हणजे –३ < क्ष. चिन्ह कुणी उलटवलं नाही, तरी उत्तर तेच, क्ष > –३. मला विचाराल तर हा नियम शिकवताना आधी हीच रीत दाखवायला हवी.

ताळ्याची सवयही तुमचीच. समीकरणात उकल घालून बघितली की झालं. असमानतेत तुम्ही सीमेवरची संख्या तपासायला लावायचात आणि मग तिच्या दोन्ही बाजूंची एकेक. –२क्ष < ६ मध्ये –३ घातलं की ६ = ६, शून्य घातलं की ० < ६ खरं, –४ घातलं की ८ < ६ खोटं.

तुम्ही जाताना दिलेलं ६/क्ष > २ आता मी इतरांना देते. बहुतेक जण लगेच क्ष ने गुणून क्ष < ३ लिहितात. मग मी –५ घालून बघायला सांगते आणि तुमचाच प्रश्न विचारते: ज्याने गुणलंत तो धन आहे की ऋण, हे ठाऊक आहे का? ० < क्ष < ३ पर्यंत ते स्वतःच पोचतात.

बाई, मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी